उरलेलं ऊन

सगुणा पहाटे साडेचारला जाळं ओढते
तेव्हा गंगापूर धरणाचं पाणी
पान्यासारखं बोटांना आवळतं.
पौषात तिची मधली दोन बोटं मिटतात
ती दुपारपर्यंत उघडत नाहीत.
मी तेहतीस वर्षं वायरमन.
वाड्यावस्त्यांवर तारा ओढल्या,
आणि बायकोला होडीवर
तांब्याभर कढत पाणी देता येईना.

आधी बंब करून पाहिला.
तिच्या माहेरचा, तांब्याचा, बुडाला डाग दिलेला.
पत्र्याखाली धूर कोंडला,
गंगावऱ्ह्याकडून वारा आला
आणि एक ठिणगी नायलॉनच्या जाळ्यावर.
भोक रुपयाएवढं.
विणायला मला चार दिवस लागले
आणि बोलणी त्याहून जास्त पुरली.

मग रॉड.
छतावर दोन पॅनेल होतीच, तीनशे पस्तीस वॅटची,
दिव्यासाठी आणि मोटरीसाठी.
बादलीत रॉड सोडला, बटण दाबलं.
इन्व्हर्टर शिट्टी मारून गप्प.
दिवा गेला, मोटर गेली,
मधोमध धरणात, अमावस्येला,
आम्ही दोघं आणि एक गार बादली.
वल्ही मारून घाम आला. तेवढीच ऊब.

भाचा मयूर पॉलिटेक्निकला.
त्याने द्राक्षबागेतली ठिबकची काळी नळी आणली,
छतावर जिलबीसारखी गुंडाळली.
दुपारी दोनला पाणी असं की हात पोळावा.
पहाटे साडेचारला धरणासारखंच.
बोटांची वेळ उन्हाला कुणी सांगितलीच नव्हती.

कार्तिकात एकदा नुसता बसून होतो.
अकरा वाजले, बॅटरी भरली,
कंट्रोलरचा दिवा हिरवा झाला, म्हणजे आता पुरे.
अकरा ते चार ऊन पत्र्यावर तसंच उभं राहिलं,
दारावरून परत लावलेल्या पाहुण्यासारखं.
जन्मभर मी चोरीची वीज पकडली,
आकडे काढले, पंचनामे लिहिले.
रोज डोक्यावरून वाया जाणारी
त्या दिवशी दिसली.

वहीत मांडलं:
वीस लिटर, अठरा अंशांवरून साठ.
जवळजवळ एक युनिट.
एका युनिटवरून लोकांनी मला शिव्या घातल्यात,
एकाने तर कुत्रं सोडलं होतं.

अंबडच्या भंगारातून गीझरची टाकी,
आत कमी व्होल्टची कॉइल, बाहेर एक रिले:
बॅटरी भरली की ऊन टाकीकडे वळवायचं,
एक वाफा भरला की दारं मोडून
दुसऱ्याला देतात तसं.
भोवती द्राक्षपेट्यांचं थर्माकोल,
त्यावर सगुणाची विटकी गोधडी,
त्यावर सायकलची ट्यूब, करकचून.
थर्मोस्टॅट बसवला. वाफ सुटायला व्हॉल्व्हही.
हे मुद्दाम सांगतो, लोक नेमकं तेच विसरतात.

पौषातली पहिली पहाट.
नळ सोडला.
कढत नाही, कोमटाच्या जरा वर.
मी अंश सांगणार, तोवर
ती बादली घेऊन फळीवर चढली.
पाणकावळ्यांनी पॅनेलवर
महिन्याभराची पांढरी नक्षी करून ठेवली होती.
अर्धी बादली त्यावर.
पदराने नाही, चांगल्या फडक्याने पुसलं, काचेसारखं.
"आधी त्याला," म्हणाली, "उद्याचं तोच देणार ना?"

उरलेल्या अर्ध्या बादलीत मग हात.
मी घड्याळ बघत राहिलो.
दोन मिनिटं. तीन.
करंगळीशेजारचं हललं.
मधलं तसंच.
पलीकडच्या काठावर वाइनच्या कारखान्याचे दिवे
एकेक करून मालवत होते.
"बघताय काय," ती म्हणाली, "तुमचेही घाला."

बादली लहान होती.
माझे दोन हात मावायला
तिला आपले जरा सरकवावे लागले.