नवतप्यातलं छत

पुतण्या पुण्याला गेला, गाडी माझ्या अंगणात सोडून.
त्रिमूर्तीनगरात, दोन सिटांची, लाल,
छत अर्ध्यात अडकलेलं,
जांभई देता देता कुणी हाक मारावी तसं.

कंपनीच्या माणसानं फोनवरच आकडा सांगितला:
दोन लाख चाळीस हजार, शिवाय मुंबईपर्यंत ट्रकचं भाडं.
"पूर्ण युनिटच बदलावं लागेल, सर."
मी सर नाही. कोराडीच्या वीज केंद्रात
इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो, एकतीस वर्षं.
पूर्ण युनिट बदला म्हणणारे पुष्कळ पाहिले.

नवतपा लागलेला. शेहेचाळीस.
उन्हात राहिलेला पाना दुपारी उचलता येत नव्हता,
म्हणून पहाटे चार ते सात, एवढीच ड्यूटी.
समोरचे गोतमारे टँकरची वाट बघत फाटकाशी यायचे.
"काय करून राहिले भाऊ?
ह्या गावात छत उघडून फिरते का कोणी?
भाजून निघन ना माणूस!"
खरं होतं. मी उत्तर दिलं नाही.

पहिल्या दिवशी पंप. डिकीच्या कोपऱ्यात, चपलेच्या खोक्याएवढा.
तेल पुरेसं. कान लावला, घरघर नाही.
म्हणजे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
दुसऱ्या दिवशी फ्यूज, रिले.
तिसऱ्या दिवशी काही नाही, सुलेखाच्या बहिणीकडे वास्तुशांत.

छत आपल्या मनानं हलत नसतं.
काचांनी म्हणायचं, आम्ही खाली आहोत.
सामानाच्या पडद्यानं म्हणायचं, मी ताणलेला आहे.
मागच्या झाकणानं म्हणायचं, मी पुरतं उघडलंय.
अकरा स्विच, अकरा होकार,
एकजण गप्प राहिला तरी मोटार ढिम्म.
कोराडीत आम्ही ह्याला इंटरलॉक म्हणायचो.
बॉयलर पेटवण्याआधी असेच होकार गोळा करायचे
रात्रपाळीला, डोळे चोळत.

दहा बोलत होते. अकरावा झाकणाचा.
काढून ओट्यावर तपासला: टक्. चांगला.
तारेला मल्टिमीटर लावला. झाकण वर केलं, आवाज नाही.
थोडं खाली आणलं: टूंऽऽ.
वर, नाही.
खाली, टूंऽऽ.

बिजागरीपाशी तार वाकते, दर वेळी तिथेच.
वरचं काळं आवरण अगदी नवं
आणि आत तांबं कधीचं तुटलेलं.
दोन टोकं नुसती टेकून होती एकमेकांना,
झाकण मिटलेलं असेतो सगळं ठीक आहे म्हणत.
(इथं मला घरातलंच काही आठवलं. ते राहू दे.)

बर्डीवरून मऊ तार आणली, साठ रुपये. वरची नळी वीस.
डाख देताना सुलेखानं बॅटरी धरली.
चष्मा घामानं घसरत होता, तो तिनंच वर सारला.
"हात थरथरतो तुमचा."
"तुझा उजेड हलतोय."

पाच चाळीस. बटण.
आधी काहीच नाही.
मग डिकीतून घरघर, आणि छत दचकलं,
मागं सरलं, गुडघ्यात मोडलं, घडी होऊन आत गेलं,
वर झाकण बसलं, अलगद.
पुन्हा मिटवलं. पुन्हा उघडलं.
बावीस सेकंद, मी मोजले.
तिचे चोवीस भरले.

डोक्यावर केबलांची जाळी,
तीत संक्रांतीपासून अडकलेला एक पतंग,
त्याच्यावर अजून पांढरं न पडलेलं आभाळ.
"ऊन यायच्या आत रिंग रोडपर्यंत?" ती म्हणाली,
पदर खोचून बसलीसुद्धा.
चारही टायरांत हवा नव्हती.

तिथंच बसलो मग. चहा आणला, कप डॅशबोर्डवर.
"चालू झाली काय भाऊ?" गोतमारे.
"छत चालू झालं," सुलेखा म्हणाली,
"गाडीचं पाहू."

ऊन पाण्याच्या टाकीवरून उतरलं, सीट तापू लागली.
ह्या वेळी बटण तिनं दाबलं.
चोवीस, ती म्हणाली.
मी वाद घातला नाही.