रातपाळी

उत्खननाच्या नोंदवहीत एवढंच :
थडग्याची दुसरी खोली, शवपेटीच्या पायथ्याशी,
जवसाच्या धाग्याचं कापड, तुकडा एक.
कोपऱ्यात शाईनं फाराओचं नाव, अर्धं उडालेलं.

संग्रहालयाच्या तळघरात
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
काळाचौकीहून बोलावले होते धाकू कासले,
एकतीस वर्षं साचेखात्यात,
डावा कान तिथंच ठेवून आलेले.

हातमोजे नको म्हणाले. मग घातले.
खिशातून पितळेची घडीची काच काढून
कापडावर उभी केली.
इंचात उभे धागे नव्वद.
आडवे मोजताना ओठ हलत राहिले
आणि एका जागी थांबले.

"हयसर तुटलो. हयसर गाठ मारल्यान.
बगा, गाठ आमचीच.
आणि हयसून फुडे हात ढिलो.
रातपाळी."

नाईलकाठी रात्री माग चालत,
याला पुरावा नाही, मी म्हणाले.
डाव्या बाजूनं म्हणाले बहुतेक.
ते काचेवर वाकलेलेच.

अहवालात मी लिहिलं :
बाण्यात एक गाठ. विणकर अज्ञात.

जिन्यापाशी चप्पल शोधताना ते पुटपुटले,
"साहेबाच्या नदरेक पडाक नाय,
म्हणान वाचलो तो."