कोपरापर्यंत

बंडी जिनिंगच्या दारात लागली की
वरचा कापूस मी बघतही नाही.
वर सगळेच पांढराशुभ्र रचतात.
मी हात घालतो कोपरापर्यंत, पार तळाशी,
आणि मूठ बाहेर काढतो:
ओली, कवडी, कधी दगडासकट.
सव्वीस हंगाम झाले. राळेगाव रोडवर
वरच्या थरानं मला कुणी फसवलेलं नाही.

यंदा शेटजींच्या पोरानं छापील फॉर्म दिले.
नऊ माणसं, दहापैकी गुण.
"ग्रेडर तुम्हीच ना काका, मग माणसांचीही ग्रेड लावा.
उद्या सकाळी पाहिजे."

दिगांबर नेवारेला नऊ दिले.
शाई वाळल्यावर लक्षात आलं,
त्याचं काम मला काहीच आठवत नाही.
आठवतो त्याचा रामराम.
माझ्याच गावचा, माझ्यासारखाच खर्रा घोटतो,
एक पुडी नेहमी माझ्या नावची.

उत्तम ढाले मागच्या साली सहा होता.
सहाच लिहिला.
कापूस मात्र मी दरसाल नव्यानं चाचपतो.

शेवंता कुळसंगे. चार.
गेल्या मंगळवारी रुईच्या ढिगाशी पेंगत होती,
या डोळ्यांनी पाहिलं मी.

मग काहीतरी तारीख बघायला
आगीचं रजिस्टर उघडलं.
एकोणीस नोव्हेंबर, रात्री पावणेतीन.
'दोन नंबर जिनमध्ये ठिणगी. शेवंताबाईनं पाहिली,
ओल्या पोत्यानं विझवली.
नुकसान: अर्धा मण रुई, बाईचा उजवा तळहात.'
अक्षर माझं. खाली सही माझी.

आतून बायको म्हणाली,
"काऊन जागून राह्यले जी? लाईट बंद करा."

चार खोडले. नऊ लिहिले.
नऊही खोडले.
हे तिच्या कामाचे, की माझ्या लाजेचे?
अख्ख्या हंगामातल्या दोनच रात्री मला ठाऊक,
एक पेटलेली, एक पेंगलेली.
मधल्या शंभरावर रात्री ती उभी होती,
सरकी उडत होती, पट्टे फिरत होते,
काहीच घडलं नाही,
म्हणून कुठल्याच वहीत नाही.

तिच्या चौकटीत शेवटी लिहिलं:
'बंडी अर्धीच बघितली.'
शेटजींचं पोरगं हसलं. म्हणालं, आकडा लिहा काका.

दिगांबरचे नऊ तसेच राहिले.
तो फाटकाशीच उभा होता,
हातात पुडी.
मी घेतली.