लांबशेपट्या

नोव्हेंबरात होड्या पालथ्या घातल्या
की पील गावात करण्यासारखं फार उरत नाही.
म्हणून मी पुठ्ठ्याची कार्डं कापली, बारा चौकोन आखले,
रबरी शिक्का करून घेतला: हेरिंग मासा.
करणाऱ्यानं शेपटी अर्धीच कोरली.

एक पुस्तक, ज्यात काळा कुत्रा आहे.
एक, ज्यात कुणीतरी छप्पर उपटून नेतं.
एक, वाळूत बसून वाचलेलं, हातमोजे चालतील.
एक आजीच्या भाषेतलं, अर्धं कळलं तरी पुरे.
एक, तुमच्या घरात कुणी विसरून गेलेलं.
अशी बारा. वसंत येईपर्यंत.

ऑरी किसॅक आला. वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं मासे धुरावले त्यानं,
तो वास आता कोटाचा नाही, त्याचाच.
"एकच पुस्तक वाचलंय आजवर," म्हणाला,
"भरती-ओहोटीचं. त्याला शेवट नसतो."

दर मंगळवारी यायचा. तक्रारी घेऊन.
"यातला कुत्रा भुंकतो.
आपल्या किल्ल्यातला कधी भुंकला?
शेकोटीपाशी येऊन पडायचा नुसता.
शिपाई बोलायचे थांबायचे."
आजीच्या भाषेतले त्याला आकडे तेवढे आले
आणि शिव्या. शिव्या पुस्तकात नव्हत्या,
त्या त्यानं समासात भरल्या.
मी दंड लावला नाही.

एकदा पोरांना वाचून दाखवायला बसवलं.
तिसऱ्या पानावर अडला.
तो शब्द या बेटावर कुणी उच्चारत नाही,
रात्री सापाला साप म्हणत नाहीत तसंच.
खाकरला, आणि वाचलं: "लांबशेपट्या".
सहा वर्षांची आलिश पानावर बोट ठेवून म्हणाली,
"इथं तर तीनच अक्षरं आहेत."
"शेपटी पानामागे गेलीय," ऑरी म्हणाला.
तिनं पान उलटून पाहिलं.

मग फेब्रुवारीत, वादळाच्या आठवड्यात,
कागदात गुंडाळून ते आणलं.
त्याच्या आईचं रॅम्झीत खानावळीचं घर होतं,
समोर समुद्र, उन्हाळ्यात पाहुणे, जिन्यात वाळू.
चाळीस साली सरकारनं ते रिकामं करून घेतलं.
रस्त्यावर काटेरी तार आली,
आणि परक्या देशाचे म्हणून धरलेले लोक
पाहुण्यांच्या पलंगांवर झोपू लागले.
युद्ध संपल्यावर आई परत आली,
तेव्हा कपाटाच्या आखूड पायाखाली
हे जर्मन पुस्तक होतं.
तिनं ते तिथंच राहू दिलं. कपाट डुगडुगलं असतं.

पोहायला शिकवणारं पुस्तक.
एका चड्डीतल्या माणसाची चित्रं: हात असे, पाय बेडकासारखे.
प्रत्येक चित्रापाशी पेन्सिलीनं तारीख.
एकेक धडा, एकेक दिवस,
खिडकीत समुद्र, मध्ये तार.
जमिनीवर पालथा पडून केला असेल. की पलंगावर.
शेवटचं चित्र उडी मारण्याचं.
तिथं तारीख नाही.

"मजकूर कळत नाही," ऑरी म्हणाला,
"पण वाचलंय मी."
कसं, ते सांगायला त्याला जरा वेळ लागला.
स्वयंपाकघरात, स्टुलावर पोट टेकून,
रोज एक चित्र.
तीन पिढ्या बोटीवर गेल्या, पोहता कुणालाच येत नव्हतं,
येणाऱ्याला बुडायला जास्त वेळ लागतो म्हणायचे.
"गुडघ्याचं कातडं गेलं," तो म्हणाला,
आणि विजार वर करून दाखवलंच.

उडीचं काय, मी विचारलं नाही.

कार्ड पुढे ओढलं, शाई लावली, जोरात दाबलं.
मासा उमटला, नेहमीसारखा अर्धवट.
मग पेन घेतलं
आणि उरलेली शेपटी काढली,
चौकोनाबाहेर, कार्डाच्या कडेपर्यंत,
लांब.