मोजणी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या खाली लिहिलं:
श्वास, सकाळ-संध्याकाळ, दहा मिनिटं.
जेवणाआधी की नंतर, विचारायचं राहिलं.

जेलरोडच्या बागेत दुसाने बाई शिकवतात.
चार आकडे आत, चार थांबा, सहा बाहेर.
मला पहिल्याच दिवशी जमलं.
एकतीस वर्षं नोट प्रेसला मोजण्यातच गेली,
छापलेला कागद, रद्द कागद, मग बेरीज,
ती जुळल्याशिवाय गेटबाहेर पाऊल नाही.
आता फुप्फुसांचा ताळेबंद.
एकशे साठवरचं बीपी एकशे बत्तीसवर आलं.
झोपही लागते. खोटं कशाला बोलू.

गांगुर्डे माझ्याच सेक्शनचा.
तो पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून
एका कोठडीच्या उंबऱ्याशी जाऊन बसतो.
किती मोजतोस?
मोजत नाही. येतो, जातो, तेवढं बघतो.
आणि?
आणि काही नाही.
मला वाटलं, टाळतोय.

एका गुरुवारी गेलो त्याच्यासोबत.
दगड गार. खाली हायवेवर ट्रक,
अंबडच्या बाजूने कसलासा भोंगा.
आकडे सोडले.
'चार' म्हणायला जीभ शिवशिवली, तिला गप्प बसवलं.
थोडा वेळ श्वास सापडला,
वरच्या ओठाला घासून जाणारा,
आत जाताना थंड, येताना कोमट.

मग जे आलं ते मी बोलावलं नव्हतं.
ब्याण्णव सालची रात्रपाळी. एक शीट कमी.
सगळे रांगेत, खिसे उलटे,
आणि मी साहेबांच्या कानाशी घेतलेलं
मदन वाघचं नाव.
शीट तिसऱ्या दिवशी मशीनखाली निघाली.
मदन कामावर परत आला,
पण डबा माझ्या टेबलावर पुन्हा उघडला नाही.

चार-चार-सहात हे कुठेच बसत नव्हतं.

उतरताना गुडघे लटपटले.
पायथ्याशी चहा घेताना गांगुर्डेने काही विचारलं नाही,
बिस्कीट माझ्याकडे सरकवलं
आणि म्हणाला, गुडघ्याला तेल लाव.

बाईंचा वर्ग मी सोडलेला नाही.
रक्तदाबाला मदन वाघ माहीत नाही,
त्याला आकडेच लागतात.

मदन उपनगरला राहतो, मुलाकडे.
नंबर मिळवायला दोन महिने लागले,
लावायला आणखी एक.
आज गॅलरीत उभा राहून लावला.
चार आत.
चार थांबा.
हॅलो, कोण, तो विचारतो,
सहा बाहेर जायचे राहतात.