शेवटची पानं

रविवार कारंजावरून किलोच्या भावानं रद्दी आणायचा दामूमामा,
क्रेटच्या तळाशी अंथरायला, द्राक्षांना ठेच लागू नये म्हणून.
त्यातच ते पुस्तक आलं. कव्हर नाही, लेखक नाही,
सुरुवात थेट पान नऊवर,
अर्ध्या वाक्यातून.

मी तेरा वर्षांचा. उगावातल्या पत्र्याच्या शेडमध्ये
उलट्या क्रेटवर बसलो आणि बर्फाच्या बेटावर उतरलो.
तिथं एकच माणूस होता आणि एक फुटकी होडी.
गारठा असा की दाढीत अडकलेला श्वास काचेसारखा मोडायचा.
जगायचं तर शेकोटी हवी, शेकोटीला लाकूड हवं,
आणि अख्ख्या बेटावर लाकूड म्हणजे ती होडी.
रोज एक फळी.
रोज रात्री तो स्वतःला थोडा वाचवायचा
आणि परतीची वाट थोडी जाळायचा.
पान एकशे ब्याऐंशीवर दोन फळ्या उरल्या होत्या.
पुढं पुस्तकच नव्हतं,
फक्त शिलाईचा दोरा, लोंबणारा.

त्याच पौषात कुंदेवाडीचा पारा दीडवर आला.
मण्यांत नुकतं पाणी उतरत होतं.
रात्री अडीचला गयाआत्यानं माझी गोधडी ओढली,
"ऊठ रे, बागेला हुडहुडी भरलीय."

बांधाबांधावर ढीग रचलेले, छाटणीच्या काड्या,
वर ओलं गवत, धूर दाटावा म्हणून.
मोटर सुरू केली, विहिरीचं पाणी कोमट लागलं हाताला,
ठिबकच्या नळ्यांतून ते अंधारात चालत गेलं
आणि बाराव्या ओळीला लाईट गेली.
पेठहून आलेला हिरामण गावित काही बोलला नाही.
घमेल्यात निखारे घेऊन तो ओळींमधून फिरत राहिला,
तान्ह्या पोराच्या खोलीत फिरावं तसा, पाय न वाजवता.
पलीकडं उसात काहीतरी खाकरलं.
"बिबट्या," तो म्हणाला, "त्यालाही थंडीच वाजतीय."

चारला काड्या संपल्या.
मग क्रेट गेले, मग मोडका पाट,
मग माळ्याची शिडी, एकेक पायरी.
शिडी जळताना मी मोठ्यानं म्हणालो, "दोन फळ्या उरल्यात."
आत्यानं वळून बघितलं.
मी तिला सगळं सांगितलं, बेट, होडी, फाटलेली पानं.
धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी ती ऐकत होती.
"ते होय," ती म्हणाली. "रद्दीच्या गठ्ठ्यातलं ते बाड.
गेल्या महिन्यात चूल धरत नव्हती, तेव्हा मीच फाडली शेवटची पानं.
मला कुठं वाचता येतंय, बाबा.
तो जगला का मेला, ठाऊक नाही.
पेटला मात्र चटकन."

मला रडू यायला हवं होतं. हसू आलं.
हिरामणही हसला, कशाला ते न कळता.

उजाडलं तेव्हा गवतावर मीठ सांडल्यासारखं हिव होतं.
उत्तरेकडच्या सोळा ओळी गेल्या, मणी तडकलेले,
उकललेल्या ओठांसारखे.
बाकीच्या राहिल्या. का राहिल्या, सांगता येत नाही.
धुरानं म्हणावं तर धूर दोन्हीकडं होता.
गोष्टीत माणूस झुंजतो, बर्फ झुंजतं, कुणीतरी हरतं.
आमच्या थंडीला तर पत्ताच नव्हता
की रात्रभर कुणी तिच्याशी भांडतंय.
ती आली तशी चांदवडच्या डोंगराकडं निघून गेली,
मागं वळूनसुद्धा न बघता.

आत्यानं तडकलेला एक मणी तोंडात टाकला.
आंबट. तोंड वाकडं करून तिनं गिळला
आणि शिडीच्या राखेत हात शेकत बसली.

आता मी अठ्ठेचाळीसचा. पुस्तक अजून आहे.
कधी निफाडच्या गारठ्यात झोप उडाली
की त्या माणसाकडं जाऊन येतो.
तो तसाच बसलेला असतो, दोन फळ्या मांडीवर घेऊन,
एक जाळावी की नाही, ठरवत.
मी त्याला काही सुचवत नाही.
फक्त सांगतो, तुझी पुढची पानं
एका घरात भाकरीखाली जळाली,
भाकरी चांगली फुगली होती.