सूत

त्या वर्षी शिपाई फीत आणायला विसरला.
माघ महिना. वाऱ्यावर गुऱ्हाळांचा वास,
मैदानात चुन्याची फक्की ओढलेली
आणि साहेबांच्या मुठीत ते नवं घड्याळ,
सेकंद मोजणारं.
आम्ही तोवर वेळ मोजत आलो घटकांनी,
फार तर जेवणाच्या वारांनी.

माझा गुरुवार आठल्यांकडे.
ताक पातळ, पण भाताला हात आखडता नसे.
शर्यती नेमक्या गुरुवारीच आल्या,
म्हणून मी उपाशी,
आणि उपाशी म्हणून धावणाऱ्यांत नाही,
शेवटच्या रेषेवर.

रेवाप्पा हावळ, इचलकरंजीचा कोष्टी.
तालमीत झोपायचा, हौद्याच्या कडेला,
पहाटे जोर काढायचा, दिवसा युक्लिड.
पाचव्या प्रमेयात दोघांचाही घाम निघे.
मी त्याला त्रिकोण सोडवून देई,
तो मला गंगावेशीत म्हशीखालचं दूध पाजी.
त्रिकोणाला एक पेला. हिशेब चोख.

वस्तादांना हे पळणं पसंत नव्हतं.
"पळतो त्यो चोर, न्हाईतर टपालवाला.
पैलवानानं जागा सोडायची नसती."
रेवाप्पा मान खाली घालून ऐके
आणि दुसऱ्या दिवशी अंधारात
कळंब्याच्या वाटेनं सुटे, अनवाणी,
कुत्रीसुद्धा भुंकायची थांबलेली त्याला.

तर फीत नव्हती. साहेब लाल झाले.
मी धावत तालमीत, रेवाप्पाच्या वळकटीशी;
तिथं सुताची एक लडी होती,
आईनं दिलेली, घोंगडं टाचायला.
मैदानात परत येऊन त्याला विचारलं, घेऊ?
"घे की," म्हणाला.
कशाला, ते त्यानं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.

एक मैल. चिंचेला वळसा घालून चार फेऱ्या.
इंगळ्यांचा खंडेराव पायात विलायती बूट घालून,
बाकीचे धोतराचे काचे मारून.
तिसऱ्या फेरीला रेवाप्पा एकटाच पुढे,
मागच्यांत आणि त्याच्यात एक बैलगाडी वळली असती.
दोऱ्याचं एक टोक माझ्या बोटाला,
दुसरं गणू लाटकराच्या.

तो आला.
छाती पुढे, तोंड उघडं, डोळे दोऱ्यावर.
आणि एका हातावर आल्यावर त्यानं ओळखलं.

वाकला.
देवळाच्या ठेंगण्या दारातून वाकावं तसा वाकला,
दोऱ्याखालून पलीकडे गेला,
दोरा हललासुद्धा नाही.
मागून खंडेराव आला
आणि बुटांसकट तो तोडून गेला.

लोक हसले. मग कोणी हसेना.
साहेबांनी विचारलं, असं का केलंस?
रेवाप्पाचं इंग्रजी धापेत अडकलं.
माझ्याकडे वळून म्हणाला,
"आईनं खळ दिल्यालं सूत हाय ते.
मागावर तुटलं की ती हात थांबवती,
सांधती, मग फुडं.
छातीनं कसं तोडू? सांग साहेबाला."

माझं इंग्रजी वर्गात पहिलं.
सूत, खळ, माग, तिन्ही शब्द येत होते मला.
पोटात कालवाकालव, ऊन डोक्यावर,
साहेब घड्याळाकडे बघतायत.
मी म्हणालो,
"सर, याला नियम ठाऊक नव्हता."

नोंदवहीत खंडेरावाचं नाव चढलं,
मिनिटं, सेकंद, खाली साहेबांची सही.
दूर गवतात रेवाप्पा उकिडवा बसला होता,
तुटलेली टोकं थुंकी लावून पिळत.
त्यानं घातलेली गाठ
मी बोटानं चाचपली; सापडली नाही.

संध्याकाळी गंगावेशीत त्यानं पेला पुढे केला.
त्या दिवशी त्रिकोण झालाच नव्हता.
"सांगितलंस न्हवं नीट?"
"सांगितलं."
"मग काय म्हणला साहेब?"

दुधाला फेस फार होता.
तो विरेपर्यंत मी पेल्यात बघत राहिलो.